आमच्या ‘हाव’वर जाऊ नका, साहेब

प्रति,
तालुक्यातले टेबलामागचे समदे साहेब, मॅडम, बाबू, डॉक्टर, सिस्टर, गुरुजी, बँकेतले मॅनेजर, अन् नुकतेच बदली होऊन आलेले सगळे

नमस्कार.

मी मेळघाटच्या पायथ्याशी एका गावात ऑनलाइन सेंटर चालवतो. दाखले, सातबारा, पीक विमा, पोट्ट्याईचे अ‍ॅडमिशनचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, अन् गिऱ्हाईक नसलं का मोबाईलले स्क्रीनगार्ड. लोक तुमच्याकडून माझ्याकडे येतात, माझ्याकडून तुमच्याकडे जातात, असं दिवसभर चालू असते, म्हणून तुमच्यातले बरेच जण मले चेहऱ्यानं ओळखता. आवाजानं ओळखत नसान, कारण तुमच्यासमोर मी जास्त बोलतच नाही. माझं बोलणं अडकते. पुस्तकात तोतरेपणा म्हणतात, गावात "त्याचं अडकते" म्हणतात. हे समदं तोंडी सांगायचं म्हणलं असतं तं अर्धा घंटा लागला असता अन् तुम्ही दुसऱ्या मिनिटाले घड्याळ पाहिलं असतं, म्हणून लिहून रायलो. थोडं वऱ्हाडी येईन, थोडं पुस्तकी, समजून घेजा.

माझी बारावी झाली त्या वर्षी शाळेत दाखल्याचं शिबिर लागलं होतं. बाबू टेबल टाकून बसले होते, एकेकाले विचारायचे अन् स्वतःच फॉर्म भरायचे. माझा नंबर आला. नाव काय? माझं नाव ‘प’वरून आहे. आता ‘प’ म्हणायचा तं ओठ मिटा लागतात, अन् माझे ओठ मिटले का मिटलेच, मागून हवा दाटते, मान ताठते, डोळे आपोआप बंद होतात अन् आवाज काही निघत नाही. मांग लाइनीत वीस-पंचवीस पोट्टे. बाबू भला माणूस होता हो, चिडला नाही, उलट मदत करायले लागला. "प्रकाश?" मी मान हलवली. "प्रमोद?" नाही. "मंग काय, प्रवीण?" मांगून कोणीतरी खिदळलं अन् माझ्या तोंडून निघालं, "हाव."

‘हाव’ म्हणजे आमच्याकडचं ‘हो’. ते लवकर निघते. त्यात ‘ह’ आहे, नुसता श्वास सोडला का झालं, ओठ नाही मिटा लागत का जीभ नाही टेकवा लागत.

तं असा मी प्रवीण झालो. दाखला प्रवीणच्या नावानं आला, मार्कशीटवर वेगळंच नाव, स्कॉलरशिपचा फॉर्म वापस, मंग प्रतिज्ञापत्र, मंग तालुक्याच्या चकरा, अन् दर चकरेले बाप एकच विचारे, "लेका, तुह्यं नाव तुले सांगता नाही आलं काय बे?" त्या वर्षीची स्कॉलरशिप गेली ते गेली. अजून बी गावातले दोघं-तिघं मले प्रवीणभौ म्हणतात अन् मी ओ देतो, आता कोण भांडत बसन.

हे जुनं काहून उकरून काढलं, तं मी स्वतः कम्प्युटरच्या ह्या बाजूले बसायले लागलो अन् मले दिसलं का असा खोटा ‘हाव’ दिवसातून पन्नास वेळा येते. अन् तो म्हणणारे सगळे तोतरे नसतात.

वरच्या गावातली एक कोरकू आदिवासी आजी आहे, पेन्शनच्या कामाले येते. "आजी, जन्मतारीख?" "हाव." "पासबुक आणलं?" "हाव." "का घरीच रायलं?" "हाव." हसू नका. तिले मराठी बाजारापुरतीच येते, पण येवढं तिनं सत्तर वर्षात पक्कं शिकलं का हाव म्हणलं म्हणजे साहेबाचा आवाज खाली येते. (जन्मतारीख तशी विचारायची गरजच नाही म्हणा, आधारवर तिची 1 जानेवारी, लेकाची 1 जानेवारी, सुनेची बी 1 जानेवारी, अख्ख्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, केक आणायचा तं ट्रॉली लागन.) अन् आडनाव पाहिलं तं कासदेकर, बेठेकर, जांबेकर, मावस्कर. मांग ‘कर’ लागलं का नवीन साहेबाले वाटते हे आपलंच, मराठी येतच असन, नाटकं करून रायली बुढी.

कोरकू ही मराठीचीच कोणती बिघडलेली बोली आहे असं लय साहेबाईले वाटते, मले बी लहानपणी वाटे. पण तशी ती नाही. तिचे सोयरे तिकडे झारखंडात, संथाली अन् मुंडारी, मुंडा भाषाईचं घराणं. कोरो म्हणजे माणूस, त्याले ‘कू’ लागलं का लय माणसं, म्हणजे कोरकू. पाण्याले ‘डा’ म्हणतात. खाली गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळकडे कोलामी, ह्या तेलुगू-कानडीच्या घराण्यातल्या. अन् बुलढाण्यात जळगाव जामोदच्या सातपुड्यात निहाली आहे, ते तं जगातल्या कोणत्याच घराण्यात बसत नाही, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. इंग्रजी, रशियन, हिंदी, मराठी हे एकमेकाचे चुलतभाऊ, एकाच खानदानातले. अन् इथं एकट्या विदर्भात चार-चार खानदान नांदतात, खुर्ची मात्र एकाच खानदानाले.

मेळघाटातल्या धारणीच्या बाजारात जाऊन पाहा. मिरची इकणारा, कपडा इकणारा, भांडेवाला, कोणी हिंदीवाला, कोणी मराठीवाला, पण गिऱ्हाइकासंगं भाव करण्यापुरतं कोरकू सगळ्याईले येते. चूक-बरोबर कोण पाहते. त्याले शिकवणी नाही लागली, प्रशिक्षण नाही, भत्ता नाही. गरज लागली का तोंड उघडते. आमच्या साहेबाईले पाच-पाच वर्ष काढून ‘बस’ अन् ‘पाणी’ म्हणता येत नाही, तं मले ते कठीण भाषेचं कारण पटत नाही, गरजच नाही लागली हे पटते.

मले कोरकू कशी आली ते सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे अन् ती मले आजपर्यंत पुरी उलगडली नाही. सोयाबीन सोंगायच्या टायमाले वरून मजूर खाली येतात. आमच्या दोन एकरात बी यायचे. तेव्हा दहा-बारा शब्द शिकलो, मंग सेंटर टाकल्यावर वाढले. एक दिवस एक बुढा बाहेर बाकड्यावर बसला होता, त्याच्या नातवाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज अडला होता, कागद कोणता कमी आहे ते मी त्याले कोरकूत सांगून रायलो अन् मधातच अडकलो. तोंड उघडं, शब्द नाही. मराठी माणूस असता तं एव्हाना त्यानं माझं वाक्य पुरं केलं असतं नाहीतर मोबाईल पाहिला असता. बुढा तंबाखू मळत रायला. चुना लावला, मळला, फटके मारले, दाढेत धरला. तेवढ्यात माझा शब्द निघाला. त्यानं मान हलवली अन् पुढचं विचारलं, जसं काही झालंच नाही. मंग माझ्या डोक्यात उजेड पडला का हा मले तोतरा समजूनच नाही रायला. त्याले वाटते हा मराठी माणूस आपली भाषा शिकून रायला, शब्द धुंडून रायला, धुंडू द्या. अन् तो थांबते म्हणून माझं अडकणं बी कमी होते. माझ्या मायबोलीत मी तोतरा अन् परक्या भाषेत नुसता शिकाऊ!

शाळेत हे उलटं होतं. सकाळच्या परिपाठात सगळे मिळून प्रतिज्ञा म्हणायचे, त्यात माझा एक शब्द अडकत नसे. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत बसायचो, तिथं बी खणखणीत. खंजिरीवर भजन तं विचारूच नका. पण वर्गात उभं करून एकट्याले धडा वाचायले लावला का पहिल्याच ओळीत गाडी पंक्चर. गुरुजीनं एक दिवस सगळ्यासमोर हिशोब मांडला, सगळ्यासंगं बोलता येते, गाणं म्हणता येते, अन् एकटं असलं का येत नाही, म्हणजे हे सोंग आहे. छड्या बसल्या. मोठेपणी इंटरनेटवर वाचलं तवा कळलं का हेच तं ह्याचं लक्षण आहे. गाताना, सगळ्याच्या सुरात सूर लावताना, बैलाशी बोलताना, एकट्यानं पुटपुटताना बहुतेकाईचं अडकत नाही. जीभ बरोबर असते, गळा बरोबर असते, मेंदूकडून बोलायच्या स्नायूले हुकूम जायचं टायमिंग तेवढं चुकते, अन् ते घराण्यात बी चालत येते. माझ्या आज्याचं अडके म्हणतात. लहानपणी शंभरात पाचेक पोराईले होते, बहुतेकाईचं आपोआप जाते, मोठेपणी शंभरात एखाद्याले राहते, त्यात पोरीपेक्षा पोरं कितीतरी जास्त. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज बी त्यातलाच होता. म्हणजे हजार लोकाच्या गावात आमच्यासारखे दहा तं असणारच. तुमच्या ऑफिसात कधी दिसले नाहीत ना? दिसणार नाहीत, ते ‘हाव’ म्हणून गेले असतीन.

आमच्या मायनं काय-काय नाही केलं. वेखंड उगाळून जिभेले, मध लावून. जिभेखाली खडा ठेवून बोलायले लावलं, तो एकदा गिळला. पोपटाचा उष्टा पेरू शोधत माझा मामा दोन दिवस वावरावावरात फिरला. एकानं जिभेची दोरी कापायचं सांगितलं होतं, तेवढं आज्यानं होऊ दिलं नाही. त्या दोरीचा अन् अडकण्याचा काही संबंध नाही हे आता माहीत आहे. बोलण्याचे डॉक्टर असतात, स्पीच थेरपिस्ट म्हणतात, हे बी तवा कोणाले माहीत? धारणीवरून अमरावतीच जवळपास दीडशे किलोमीटर पडते, तिथं दर आठवड्याले पोट्टं कोण नेईन.

सगळ्यात मोठा उपाय आम्ही स्वतःच शोधतो, तो म्हणजे पळवाट. जो शब्द अडकते तो टाळायचा. एसटीत कंडक्टरसमोर ‘परतवाडा’ निघत नसे, ‘प’च तो, मी ‘अचलपूर’ म्हणायचो अन् तिथून पायी वापस यायचो. हॉटेलात पोहे खायचे असले तं आलुबोंडा सांगायचो. कैक वर्ष खाल्ले आलुबोंडे. पण नावाले पळवाट नाही ना साहेब, नाव बदलून कसं सांगणार? म्हणून ‘नाव काय’ हा तुमचा सगळ्यात सोपा प्रश्न आमच्यासाठी सगळ्यात कठीण आहे. फोनवर तं आणखीनच, बँकेच्या हेल्पलाइनवाली पोरगी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही सर" म्हणून ठेवून देते, आवाज येतच असते बाई, शब्द येत नाही.

द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून आमच्यासारख्याईचीच एक संस्था आहे, 2008 पासून. त्यायच्यामुळे एक सोपी गोष्ट शिकलो, लपवायचं सोडायचं, पहिलेच सांगून टाकायचं. आता माझ्या टेबलावर पुठ्ठा आहे: ‘मी अडकत बोलतो. थोडं थांबा. घाई असन तं चिठ्ठी लिहा.’ लावला त्या दिवसापासून माझं काम अर्ध्यानं हलकं झालं. अन् मजा म्हणजे चिठ्ठी लिहिणारे दुसरेच निघाले, कानानं कमी ऐकणारा एक मास्तर, दवाखान्याच्या कामाचं मोठ्यानं सांगायले लाजणारी एक सून, अन् ज्याचं तोंड खर्ऱ्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीनं, भरलं आहे असे निम्मे पोट्टे.

आता दवाखान्याचं. आमच्या सेंटरवर येणारी एक बाई, तिच्या पोरीले गोळ्या दिल्या, दिवसातून तीन वेळा जेवणानंतर. "समजलं?" "हाव." घरी जेवण दोनच टाइम. सकाळी कामावर जायच्या आधी अन् रात्री. मंग तिसरं जेवण कुठून आणावं? तिनं तिसरी गोळी ठेवून दिली, अशा ठेवून-ठेवून एक पुडी जमा झाली, ते पुडी घेऊन माझ्याकडे आली, झेरॉक्सच्या दुकानात, का ह्या कवा द्यायच्या. दवाखान्यात विचारायची तिची हिंमत झाली नाही कारण तिथं तिनं ‘हाव’ म्हणून ठेवलं होतं. तसंच त्या साखर-मिठाच्या पाकिटाचं. एक लिटर पाण्यात टाका म्हणतात, लिटर कशानं मोजावं? पाण्याची रिकामी बाटली दाखवली का दोन सेकंदात समजते.

अन् एक हात जोडून इनंती आहे, लेकराले दुभाषी बनवू नका. चौथी-पाचवीतली पोरगी, शाळेत जाते म्हणून तिले मराठी येते, म्हणून तिच्या मायसंगं तिलेच आत बोलावता. मायले अंगावरून जाऊन रायलं, ते ह्या एवढ्याशा पोरीनं पुरुष डॉक्टरले कोणत्या तोंडानं सांगावं? तिनं सांगितलं, "पोट दुखते." डॉक्टरनं पोटाची गोळी लिहिली. मले हे पुढच्या महिन्यात कळलं, ते बी माझ्या बायकोले तिनं सांगितलं म्हणून. आशाताई असते गावात, अंगणवाडीची ताई असते, तिले एक फोन लावा, मोठ्या बाईले आणू द्या.

शाळेत तेच. पहिलीत बसलेलं कोरकू लेकरू वर्षभर तोंड उघडत नाही, वहीत ‘अबोल’ शेरा पडते, पुढे ‘ढ’. घरी जाऊन पाहा, कोंबडीमांग धावत बकबक करून रायलेलं असते. घटनेच्या 350-अ कलमात लिहून आहे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहून आहे का होईन तितकं मायबोलीत शिकवा. कागदावर आहे तं आहे.

राग मानू नका, पण तुमचं बी पाहिलं आहे. आमचे इकडचेच साहेब, वऱ्हाडातलेच, ऑफिसात गरजतात, अन् मुंबईले मीटिंगले गेले का "येऊन रायलो"चं "येतोय" करता-करता घामाघूम. तिथं कोणी हसलं का गप. एक साहेब मले स्वतः म्हणाले, मंत्रालयात मी दोनच शब्द बोलतो, ‘हो सर’. म्हणजे तुमचा बी ‘हाव’च झाला ना तिथं. मंग तुमाले हे समजावून सांगायची गरज नव्हती खरं तं.

अन् थांबून बोलायची, समोरच्याच्या भाषेत शिरायची रीत आपल्याच मातीतली आहे. शेंडगावचे गाडगेबाबा, 1876 चा जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही, वऱ्हाडी सोडली नाही, अन् मुंबई-पंढरपूरपर्यंत लोक रात्र-रात्र बसून ऐकत. काहून? तं बाबा कीर्तनात प्रश्न विचारत अन् लोकाईकडून उत्तर वदवून घेत. ‘समजलं का’ विचारून पुढे पळत नसत. अन् त्याच्या बी सहा-सातशे वर्ष आधी चक्रधरस्वामी गुजरातेतून आले अन् इथल्या लोकाईसंगं इथल्याच मराठीत बोलले, ज्या काळात ज्ञान म्हणलं का संस्कृत. त्यायच्याच महानुभाव पंथाच्या रिद्धपूरले आता मराठी भाषा विद्यापीठ झालं, 2024 मध्ये मराठीले अभिजात दर्जा मिळाला, आमच्या चौकात बी बॅनर लागलं, चांगली गोष्ट आहे. पण गुजरातेतला माणूस आठशे वर्षांपूर्वी मराठी शिकते अन् आपल्याले बाजूच्या डोंगरातली भाषा कानाले लागू द्यायची नाही, हे बॅनरखाली उभं राहून पाहिलं का अजब वाटते.

मागणं जास्त नाही. निधी नको, जीआर नको, समिती तं बिलकुल नको. समोरचा अडकला तं दहा सेकंद थांबा, मनातल्या मनात दहा मोजा, वाटल्यास खर्रा घोटा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, तीन नावं सुचवू नका. ‘आरामात बोल, घाबरू नको’ हे बी नका म्हणू, आम्ही घाबरलेलो नसतो, त्यानं मात्र घाबरतो. ‘समजलं का’ हा प्रश्न बंद करा, त्याचं उत्तर ‘हाव’च येणार. त्यापरीस विचारा, "आता घरी जाऊन काय करसान, मले सांगा." मंग पाहा काय-काय ऐकू येते, सुरुवातीले डोक्याले हात लावसान. अन् बाजूले कागद-पेन ठेवा.

एक काम मी करून ठेवलं आहे. त्या पेन्शनवाल्या आजीले चार दिवस चहा पाजून वीस कोरकू शब्द लिहून घेतले, देवनागरीत, मराठी अर्थासहित: बसा, पाणी, दुखते कुठं, कवापासून, जेवले का, उद्या या, असे. एका कागदाच्या दोन्ही बाजूनं. आजीनं दोनदा तपासले, सहा ठिकाणी माझी चूक काढली अन् एका शब्दावर येवढी हसली का खोकला लागला, तो शब्द काय झाला होता ते मले अजून सांगून नाही रायली. पन्नास कॉपी काढून लॅमिनेशन करून ठेवल्या आहेत, पैसे नको. टेबलाच्या काचेखाली बरोबर बसते, मी मोजून पाहिलं.

शिपायाले पाठवा नाहीतर स्वतः या, दुकान सकाळी नऊपासून उघडं असते, लाइट गेली तं बाहेर बाकड्यावर बसून असतो. फक्त फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅप टाका. फोन केलाच तं माझं ‘हॅलो’ ऐकू येईपर्यंत ठेवू नका.

तुमचा,
(नाव ‘प’वरून, पण प्रवीण नाही)